डावा डोळा: सरळ केला

नवरदेवाच्या कपाळावरचा फोड: काढला.

सुई शिरेच्या बाजूला. पुन्हा बाजूला.

कुणाच्या तरी आबांचं टक्कल: थोडं झाकलं.

चहा थोडा कपात, अर्धा बशीत, उरलेला चादरीवर.

दिपमाला, डावा डोळा: सरळ केला.

पारोळ्याच्या रुपचंद फोटोवाल्याकडे माणूस जसा यायचा तसा जायचा, फोटो मात्र देखणा जायचा. शाळेत पोरी त्याच्या लेकीला, दिपमालाला, तिरळी म्हणाल्या, की ती रडत दुकानात यायची. रुपचंद संगणकावर तिचा फोटो उघडायचा. "दख. कोठे शे तिरपा?" ती बघायची आणि गप्प व्हायची. आरसा खोटा, फोटो खरा, असं घरात ठरूनच गेलं.

आता दिपमाला वीस वर्षांची. धुळ्यात लॅब टेक्निशियनचा कोर्स. ओतलेला चहा कपाबाहेर जायचाच, पण सरावात तिची सुईही शिरेवर बसेना, तेव्हा मॅडमनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाप सोबत होता.

डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकला. डावा नाकाकडून झटक्यात मध्ये आला.

"दोन्ही डोळे एकत्र बघत नाहीत. म्हणून अंतराचा अंदाज येत नाही. हे कधीपासून? जुने फोटो आहेत?"

तिने मोबाईल पुढे केला. बालवाडी, चौथी, दहावी. सगळीकडे डोळा सरळ.

डॉक्टर गंभीर झाले. "म्हणजे हे नवीन आहे. मेंदूचा स्कॅन करावा लागेल."

लेकीने बापाचा हात धरला.

"नवीन नाही," रुपचंद म्हणाला. "मीच सरळ करायचो."

"मूळ फोटो?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग स्कॅन नको. सात-आठ वर्षांची असताना आणली असती, तर चष्मा आणि पट्टीवर बरंच काम झालं असतं. आता ऑपरेशनने डोळा सरळ दिसेल. दोन्ही डोळ्यांची नजर बहुतेक जुळणार नाही."

दिपमालाने हात काढून घेतला.

"म्हणजे नाना, तुमचंच काम. फक्त आता कात्रीने."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, बापाकडे डावी बाजू करून. त्या डोळ्याने ती त्याच्याकडे बघत होती की नव्हती, हे त्याला कळेना.

दुसरीच्या ओळखपत्रासाठी तो डोळा सरळ करायला रुपचंदला चार मिनिटं लागली होती.