फ्रान्सची माणसं आणि श्रीदेवीची मागणी

बसवकल्याणच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या राजशेखर सरांची झोप फ्रान्सच्या उजव्या विचारवंतांनी उडवली होती. सर स्वतः हैदराबादच्या पुढे कधी गेले नव्हते, पण पीएचडीला विषय घेतला तो हाच. ही मंडळी आधी म्हणायची, परक्यांनी आमच्यात मिसळू नये, आपापल्या देशी जावं. मग त्यांची भाषा गोड झाली. प्रत्येक संस्कृती सुंदर, प्रत्येकाला वेगळं राहण्याचा हक्क! पुढे तर काहीजण म्हणाले, राहा इथेच, पण आपापलं जपून. आता मंडळी खरंच बदलली की नुसती बोली बदलली, तेवढं ठरेना आणि प्रबंधाचं शेवटचं पान काही होईना.

प्रबंधाच्या टायपिंगसाठी लेक श्रीदेवी मल्लेश नावाच्या तरुणाच्या नव्या कॉम्प्युटर सेंटरात जायची. सरांनीच धाडलेली. व्हायचं ते झालं, दोघांचं जुळलं.

एका रविवारी मल्लेश मुडबी गावाहून वडिलांना, रेवणप्पांना, घेऊन थेट मागणी घालायलाच आला. घर धनगराचं, सर लिंगायत. पण सर चिडले नाहीत. चिडणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. उलट ते फुलले.

"तुमचा मैलार देव, तुमचे ढोल, तुमची घोंगडी, काय थोर परंपरा! आमचीबी तशीच, लिंगपूजा, शाकाहार. मिसळलं की दोन्ही जातील बघा. तुमचं तुम्ही जपा, आमचं आम्ही जपतो. तुमच्या मानापोटीच बोलायलोय मी."

मल्लेशने जन्मात मेंढरू हाकलं नव्हतं. त्याने मान खाली घातली. रेवणप्पा मात्र खूश होऊन डोलत होते.

"अप्पा," श्रीदेवी दारातून म्हणाली, "हे तर तुमचं चवथं प्रकरण हाय. कालच टाइप केलंय मी."

सरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"शेवटचं पान राहिलंय. काय लिहू? ती माणसं बदलली का न्हाई?"

सरांनी रेवणप्पांकडे पाहिलं. म्हातारा अजून हसत होता. सरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"न्हाई बदलली. लिही तसं," ते पुटपुटले आणि उठून रेवणप्पांशेजारी बसले. "अण्णा, मी आत्ता बोललो ते सोडून द्या. पुन्यांदा पहिल्यापासून सांगा, कामून आलाव?"

"पोरगी मागायला की," रेवणप्पा गोंधळून म्हणाले. "पर तुम्ही इतकं चांगलं बोलायलाव, मला वाटलं, व्हय म्हणलाव."