कडुनिंबावरची गुळवेल

बायजाबाईच्या अंगणातला कडुनिंब कुणी लावला नव्हता, तो आपला आपणच उगवला होता. आणि त्याच्यावर चढलेली गुळवेलही कुणाला विचारून चढली नव्हती. पण त्या वेलीच्या जोरावर बायजाबाईला अख्ख्या वस्तीत मान होता. कुणाच्या घरी ताप शिरला की पहिला निरोप तिला. जरीपटक्याच्या बाजारातले दुकानदारसुद्धा माणूस पाठवत. तशी गुळवेल काय, नागपुरात कुंपणाकुंपणावर माजलेली असते. पण कडुनिंबावर चढलेली तीच खरी, झाडाचा गुण वेलीत उतरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि कडुनिंबावरची वेल त्या भागात एकट्या बायजाबाईकडे होती.

मागच्या गल्लीतल्या कौसल्याबाईसुद्धा येत. यातला 'सुद्धा' महत्त्वाचा. एरवी त्या या गल्लीत पाऊल टाकणाऱ्या नव्हत्या. बायजाबाईच्या घरानं छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला, भिंतीवरचे देव उतरवले. कौसल्याबाईंच्या डोक्यातलं जुनं माप मात्र काही उतरलं नाही. त्या अंगणाच्या बुटक्या भिंतीबाहेर उभ्या राहत. बायजाबाई वेलीचे तुकडे भिंतीवर ठेवी, जरा मागे सरे, मग कौसल्याबाई ते उचलत. औषधाला विटाळ नसतो असं त्या म्हणत. पाण्याला असतो, हे त्यांनी न म्हणताही कळायचं. काढा त्या आपल्या घरी, आपल्या पाण्यात उकळत.

बायजाबाईला याचा राग येत नव्हता असं कोण म्हणेल? येत होता. पण तुकडे उचलून झाल्यावर भिंतीच्या अल्याड-पल्याड दोघींच्या ज्या गप्पा रंगत, सुना, गुडघे, काडीवर वळताना बिघडलेल्या सरगुंडीच्या शेवया, त्या तिला फार हव्याशा वाटत. वेल नसती तर ही बाई माझ्या दारात कशाला आली असती, हे तिला पक्कं कळत होतं. म्हणून ती वेलीला जपे.

तिचे यजमान देवराव गिरणीतून रिटायर झालेले. तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, हा त्यांचा बाणा. बायकोच्या वेलीवर त्यांचा जुनाच दात होता.

"वेल ते वेल. आंब्यावर चढो का खांबावर," ते म्हणत. "देव उतरवले, त् तुमी बायका आता झाडाले देव करून राहिल्या."

सत्त्याहत्तर सालच्या हिवाळ्यात त्यांना चांगलंच निमित्त मिळालं. धाकटी लेक चारुशीला रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन कॉलेजात औषधी वनस्पतींवर संशोधन करायला लागली होती. घराण्यातली पहिली एम.एस्सी. देवराव तिला म्हणाले, "तू काचेवर पाल्यातले गुण पाहतेस ना? मंग हे बी पाहून टाक एकदाचं."

"पाहू दे ना," बायजाबाई ठसक्यात म्हणाली. "मले कायचा भेव?"

भेव चारुशीलालाच वाटला. पण विषय होता झकास. तिच्या मार्गदर्शक बोकारे मॅडमनाही तो आवडला. तुलनेला दुसऱ्या झाडावरची गुळवेल हवी होती, ती नेमकी कौसल्याबाईंच्या आंब्यावर होती. चारुशीला मागायला गेली, तेव्हा कौसल्याबाई हसल्याच. "ने ना, लागल ते ने. ते काय कामाची वं? तिचा आमी दोर करून सरपण बांधतो." आणि तुकडे त्यांनी तिच्या ओंजळीत वरून टाकले.

चारुशीलाची तेव्हा परीक्षेच्या पर्यवेक्षणाची धावपळ चालली होती. दोन्हीकडचे तुकडे तिनं आईच्या हवाली केले. वाळव आणि वेगवेगळे ठेव, एवढं सांगून ती मोकळी झाली. आईनं ते केलं. वाळलेले तुकडे मग लेकीनं खलात कुटले, भुकटी स्पिरिटात भिजवली, गाळून आटवली.

शाळेत पोरं खडूवर शाईचा ठिपका देऊन खडू पाण्यात उभा करतात. पाणी वर चढतं आणि शाईतले रंग वेगवेगळे होऊन आपापल्या उंचीवर थांबतात. चारुशीलाचं काम त्याच जातीचं. काचेच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ लेप द्यायचा, तो वाळवून भट्टीत तापवायचा. खालच्या कडेशी काचेच्या बारीक नळीनं अर्काचे ठिपके ठेवायचे आणि पट्टी थोड्याशा द्रावणात झाकून उभी करायची. द्रावण चढतं, अर्कातलं एकेक द्रव्य सुटं होतं. ती द्रव्यं डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पट्टी आयोडीनच्या बरणीत ठेवायची, की तपकिरी डाग उमटतात. तेही जरा वेळानं उडून जातात, त्यामुळे दिसताहेत तोवर त्यांच्या कडा सुईनं आखून घ्यायच्या.

पट्टी बरणीतून काढली, तेव्हा चारुशीलाच्या हातातली सुई थांबली. आंब्यावरच्या वेलीचे डाग आणि कडुनिंबावरच्या वेलीचे डाग शेजारी शेजारी, सारख्या उंचीवर होते. पण कडुनिंबाच्या रांगेत सगळ्यांत वर एक डाग जास्त होता. चांगला ठसठशीत.

तिला हर्ष झाला. संशोधक म्हणून झाला की बायजाबाईची लेक म्हणून, हे तिला सांगता आलं नसतं. बोकारे मॅडमनी पट्टी उजेडात धरून पाहिली. "छान आहे. पण एका पट्टीवर लग्न ठरवू नकोस. पुन्हा कर."

पण एवढी बातमी पोटात राहते होय? संध्याकाळी घरी तिनं सांगून टाकलं. देवरावांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. बायजाबाईनं मात्र गल्ली डोक्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी भिंतीशी कौसल्याबाईंना तिनं रंगवून सांगितलं, "माह्या पोरीनं काचेत पायलं. कडुनिंबाचा गुण दिसून राहिला, डोयानं!"

"मी त् म्हणतच होती," कौसल्याबाई म्हणाल्या.

पुन्हा करायचं म्हणून चारुशीलानं आईकडे उरलेले तुकडे मागितले. आईनं फळीवरून दोन वस्तू काढल्या. आंब्याच्या वेलीची कागदाची पुडी, आणि कडुनिंबाच्या वेलीचा पत्र्याचा डबा. चारुशीलानं डब्याचं झाकण उघडलं. तुकड्यांच्या मधून मधून कडुनिंबाचा वाळका पाला होता. निम्म्याचा तर चुरा होऊन तुकड्यांना चिकटलेला.

"माय, हे काय वं?"

"पाला. कीड नको लागाले. तुरीच्या डाळीत नाही टाकत का आपण?"

"मग पुडीत काहून नाही टाकला?"

"ते आंब्यावरची," बायजाबाई सहज म्हणाली. "तिले लागली कीड त् काय बिघडते?"

चारुशीलाला हसावं की रडावं कळेना. पहिल्या वेळी कुटताना हिरवट कण तिनं पाहिले होते. वेलीची साल असेल असं समजून ती पुढे गेली होती. मनासारखं निघणार असलं की माणसाचे डोळे असे उदार होतात.

तिनं दोन्ही झाडांवरून नवे तुकडे आणले, या वेळी स्वतः, आणि एकाच कागदावर वाळवले. पट्टीवर तीन रांगा घातल्या. कडुनिंबावरची वेल, आंब्यावरची वेल, आणि नुसता कडुनिंबाचा पाला. आयोडीनच्या बरणीत तपकिरी डाग उमटू लागले, तेव्हा तिच्या मनानं आयुष्यात पहिल्यांदा एका प्रयोगाकडे भीक मागितली. दोन्ही वेलींच्या रांगा एकसारख्या आल्या. तो वरचा डाग पाल्याच्या रांगेत बसला होता.

"आपल्या पट्टीवर तरी फरक नाही," बोकारे मॅडम म्हणाल्या. "वेगळ्या द्रावणात करून बघ. पण आज जे दिसतंय ते हेच."

वेगळ्या द्रावणातही तेच दिसलं. चारुशीलानं घरी सांगितलं तेव्हा तिला आईकडे बघवेना. देवराव जिंकले होते. जन्मभर ज्यावरून वाद घातला तो मुद्दा लेकीनं काचेवर सिद्ध करून आणला होता. पण ते बराच वेळ पायाचा अंगठा चोळत राहिले, आणि मग हळूच बोलले, "बाई, कॉलेजात लिव तू काय लिवाचं ते. गल्लीत कायले सांगाचं? लोक येतात, बसतात. येऊ दे."

चारुशीला वडलांकडे बघतच राहिली. आईची वेल म्हणजे काय आहे, हे या माणसाला इतकी वर्षं कळत होतं तर!

बायजाबाई तांदूळ निवडत होती. सूप तिनं बाजूला ठेवलं.

"काहून? चूक माह्या पाल्यानं झाली, ते मी गावभर सांगतली. आता खरं निंगालं त् झाकून ठेवाचं? तपासल्यावर बी मानाचं नाही, त् तपासाचं कायले गा?"

आणि ती खरंच सांगत सुटली. जो येईल त्याला तुकडा देई आणि वर ऐकवी, "कोन्तीबी वेल चालते. पोरीनं पायलं." लोकांचं येणं कमी होत गेलं. कौसल्याबाई आल्या, तेव्हा बायजाबाईनं तुकडे भिंतीवर ठेवलेच नाहीत.

"तुमच्या आंब्यावरची अन् माही, सारखीच हाये. मी तुमाले चुकीचं सांगतलं होतं. आता इथवर याची गरज नाही."

कौसल्याबाईंनी पदर सावरला. थोडा वेळ कडुनिंबाकडे पाहत उभ्या राहिल्या आणि गेल्या. मग दिवसामागून दिवस गेले, संक्रांत होऊन गेली, भिंतीपलीकडे कुणी उभं राहिलं नाही. दुपारी कामं आटोपली की बायजाबाई भिंतीशी जाऊन उगाच अंगण झाडत राही. ते पाहून चारुशीलाचा जीव तुटे. आपण शिकलो ते आईच्या मुळावर आलं, असं तिला उघड उघड वाटे.

थंडी सरता सरता एका रविवारी कौसल्याबाई आल्या. अंगावर शाल, डोळे लाल, हातात वेलीचा तुकडा. भिंतीबाहेर थांबल्या, आणि मग फाटक ढकलून आत आल्या.

"चार रोज झाले, ताप हटून नाही राहिला," त्या म्हणाल्या. "हे माह्या आंब्यावरची. घरी उकळून पेली, गुण नाही आला."

"सारखीच हाये वो ते," बायजाबाई कळवळून म्हणाली. "पोरीनं दोनदा पायलं."

"पायलं असन. मी कुठं नाही म्हणतो? झाड कोन्तंबी चालते, वेल सारखी. मंग उरलं काय? हात! तुह्या हाताले गुण हाये, बायजा. दुसरी कोणी असती त् मले सांगतलं नसतं, अन् मी जलमभर तिच्या दारात येत राहिली असती." त्यांनी तुकडा पुढे केला. भिंतीवर नाही, सरळ बायजाबाईच्या हातात. "तूच उकळून दे."

आतून देवरावांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "हे बी अंधश्रद्धाच..."

"बाबा," चारुशीला दबक्या आवाजात म्हणाली, "आता नका बोलू."

कौसल्याबाई खाटेवर बसल्या. बायजाबाईनं तुकडा ठेचला. पातेलं घेतलं, माठातून पाणी घातलं. त्या पाण्याची धार पातेल्यात पडताना सगळं घर तिकडेच बघत होतं. कौसल्याबाईही बघत होत्या. स्टोव्हवर काढा उकळून आटला, गाळून पेल्यात आला, आणि बायजाबाईनं तो त्यांच्या पुढ्यात धरला.

कौसल्याबाईंनी पेला घेतला. क्षणभर आत पाहिलं. मग पेला तोंडाला लावून त्यांनी तो पुरता रिकामा केला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"लय कडू हाये वं, बायजा."

आणि पेला पुढे करून त्यांनी विचारलं, "अजून हाये का?"