भिंतीच्या उत्तरेला

गच्चीच्या मधोमध भिंत मीच बांधली, आणि तीही चांगली पुरुषभर उंच. टाकीचा नळ कोणी उघडा ठेवला यावरून थोरल्या भावाशी, दादाशी, कडाक्याचं वाजलं होतं. दक्षिणेकडची अर्धी गच्ची त्याची, उत्तरेकडची माझी. जिनेही वेगळे झाले. तो नजरेलाच पडायला नको, एवढीच इच्छा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला मी.

अशी बरीच वर्षं गेली. यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या बाजूला सोलर पॅनल बसवले. खाली बायकोचं शिवणकामाचं दुकान आहे आणि वीज सारखी जाते. सूर्य तेव्हा डोक्यावर होता. पॅनलची तोंडं दक्षिणेकडे केली, मशिनी धडधडू लागल्या आणि मी कॉलर ताठ करून फिरू लागलो.

थंडी आली तशा मशिनी भर दुपारी माना टाकू लागल्या. मी पॅनल पुसले, कमीजास्त कलते करून पाहिले, शिव्याही घातल्या. शेवटी पॅनलवाल्याला बोलावलं. त्याने वर येऊन नुसतं बोट दाखवलं. निम्म्या पॅनलवर भिंतीची सावली होती.

"हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो," तो म्हणाला. "भिंतीचे वरचे तीन थर काढा. नाहीतर पॅनल पलीकडे न्या, तिथे दिवसभर ऊन आहे."

म्हणजे भिंत मी बांधली, ऊन दादाला आणि सावली मला! बायकोने हसू दाबलंसुद्धा नाही.

"भिंत ठेवा नाहीतर माझं दुकान ठेवा," ती म्हणाली. "दोन्ही जमायचं नाही."

भिंत उतरवायची म्हणजे दादापुढे हार खायची, असंच मला वाटत होतं. रात्रभर कुढलो आणि सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन चढलो. एकेक वीट सुटत होती तसा माझा राग वाढतच होता.

तिसरा थर निघाला तेव्हा पलीकडे खुर्ची कुरकुरली. मी टाचा उंचावून पाहिलं. दादा उन्हात बसला होता. केस पार पांढरे, गुडघ्याला पट्टा. एकाच छपराखाली राहून मला यातलं काही ठाऊक नव्हतं. फार लाज वाटली.

"पाडतोयस?" त्याने विचारलं.

"पाडत नाही. पॅनलला ऊन लागत नाही, म्हणून तीन थर कमी केले."

"आणखी चार काढ," दादा म्हणाला. "मला फार वेळ उभं राहवत नाही आता. बसल्या जागेवरून तुझं नुसतं टाळकं दिसतंय."