पहिला घोट लेओंसबाबांचा

"आधी थुंकून घे, मग बोल. सगळी चूळ दाढीत चाललीये," ओदील म्हणाली.

शेजारच्या फिर्मांने बादलीत थुंकून मनगटाने हनुवटी पुसली. "वय झालं. तोंडाला भोक पडलंय माझ्या."

"ते जन्मापासूनच आहे."

मी हसले आणि तेवढ्यानेही दमले. अपोलिनला दात येत होते. रात्रभर ती झोपली नव्हती, म्हणजे मीही नव्हते. तिला मांडीवर घेऊन मी सासऱ्यांना, लेओंसबाबांना, खेटून बसले होते.

आमच्या कॉर्नास गावात द्राक्षांची छाटणी संपत आली की शेजारी असे एका तळघरात जमतात. द्राक्ष बहुतेक एकच, सिराह. पण रोन नदीच्या या काठाची वाइन वेगळी, त्या काठाची वेगळी, वरच्या गावची आणखी वेगळी. बाटल्यांवर लोकरी मोजे चढवायचे, घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा आणि कुठली कुठली ते ओळखायचं. त्यांतच एक यजमानाच्या पिंपातली. यंदा यजमान आम्ही, मोजे चढवणारी शेजारीण ओदील. पहिला घोट मात्र दरवर्षी बाबांचा. त्यांनी गावाचं नाव घेतल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही.

आणि बाबांना नोव्हेंबरातल्या तापापासून कसलाही वास येत नव्हता.

हे फक्त मला ठाऊक होतं. एकदा दूध करपून घरभर जळका वास सुटला आणि बाबा शेगडीशेजारीच, तिच्याकडे पाठ करून निवांत बसून होते. "रेमीला सांगू नकोस," एवढंच म्हणाले. रेमी म्हणजे माझा नवरा. 'बाबांना जमेनासं झालं की घरची वाइन बंद, तळघराला कुलूप, द्राक्षं सरळ सहकारी संघाला,' असं तो कधीचा म्हणत होता. मळा आणि ट्रकची नोकरी अशी दोन ओझी वाहून तोही थकला होता; आजही तो ट्रक घेऊन बाहेरगावी होता. मी त्याला दोष देत नाही.

म्हणून मी आणि बाबांनी एक युक्ती ठरवली होती. पेला आधी मी हुंगायचा आणि पोरीशी बोलता बोलता बाबांना वास कळवायचा. सहा वर्षं बाबांच्याच शेजारी बसून मी हे वास शिकले होते.

"फुलं हवीत माझ्या सोनीला? जांभळी? आणि जर्दाळू?"

बाबांनी सावकाश घोट घोळवला. "कोत-रोती, वरच्या गावची. सोबत थोडी पांढरी द्राक्षं आंबवलीत. लाडावलेली आहे."

"म्हातारा अजून शिकारी कुत्रा आहे," फिर्मां म्हणाला.

दुसऱ्या पेल्याला मी म्हणाले, "ऑलिव्ह खाणार? काळं काळं?"

"क्रोझ. पलीकडच्या सपाटीवरची."

"पोरीला काय सगळं खायलाच देतेस ग?" ओदीलने विचारलं.

"दात येतायत ना."

तिसऱ्याला रासबेरी आणि मिरी. "सेंट-जोसेफ, आपल्याच काठाची," बाबा म्हणाले.

चौथा पेला मी नाकाशी नेला. तळाशी ओल्या दगडाचा वास होता, आमच्याच उतारावरचा. त्याच्यावर नेलपॉलिशसारखा झोंबरा वास, आणि मागून व्हिनेगर.

मी अपोलिनकडे बघितलं. ती माझं बटण ओढत होती. खरं बोलावं, तर बाबांना चारचौघांत स्वतःचं पिंप गेलं म्हणून सांगावं लागणार. गप्प राहावं, तर ते याच वाइनचं कौतुक करणार. मी पेला तसाच बाबांच्या हातात दिला.

फिर्मां आपल्या पेल्यात बघत राहिला. ओदील टेबलावरचा डाग नखाने खरवडू लागली. त्यांची नाकं काही बंद नव्हती. पण पहिलं बोलायचं बाबांनी.

बाबांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि बादलीत टाकला.

"ही माझी," ते म्हणाले. "जिभेला कळतं. असा तुरटपणा दुसरी कुठली धरत नाही." मग पेला खाली ठेवला. "वासाचं मला विचारू नका. नोव्हेंबरापासून काही येत नाही. इतका वेळ ही पोरगी बोलत होती, या पेल्याला गप्प झाली." ते माझ्याकडे वळले. "सांग, बाळा."

"आंबलीये, बाबा."

"किती?"

"हे पिंप गेलं. बाकीची आजच हुंगायला हवीत."

त्यांनी मान हलवली. पेवातलं धान्य भिजल्याचं कळावं, तशी.

"माझंही गेलं होतं एक," फिर्मां म्हणाला. "आणि तेव्हा नाक शाबूत होतं."

"तुझं कधी शाबूत होतं?" ओदील म्हणाली, पण हळू आवाजात.

एक बाटली उरली होती. फिर्मांने सवयीने बाबांचा पेला ओढला. बाबांनी त्यावर तळहात ठेवला. "तिला ओत. मग ती रेमीला सांगेल, कुलूप लावायचं की नाही."

"मी?" मी म्हणाले. "माझे हात कुठे मोकळे आहेत?"

"दे तिला इकडे."

अपोलिनला घेऊन ते उठले आणि बाकाच्या पार टोकाला जाऊन बसले. ती त्यांच्या कॉलरवर लाळ गाळत होती. त्यांनी तिच्या जावळात नाक खुपसलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला. थांबले. पुन्हा एकदा घेतला.

"बोल ना ग, कुठली?" ओदीलने विचारलं.

मी पेला नाकाशी धरला, पण बघत होते बाबांकडे; तो वास तरी त्यांना आला होता का?