बंद टेलिफोनवरच्या टाळ्या

मित्रांनो, मी गोल तबकडीचा, काळ्या रंगाचा एक जुना टेलिफोन आहे. कितीतरी वर्षं मी धामणगाव रेल्वे या गावातल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या गादीवर होतो. दसऱ्याला मला झेंडूचं फूल वाहत. मग घरोघरी मोबाइल आले आणि मी भंगारात गेलो. तिथून दर्यापूरच्या कुंदनभाऊंनी मला उचललं. ते हौशी मंडळींची नाटकं लिहीत आणि बसवत.

त्यांच्या नाटकात एक आई होती. तिचा मुलगा वारला आहे, पण ती रोज संध्याकाळी बंद टेलिफोनवर त्याच्याशी बोलते. शोकांतिकेतली माणसं अशीच असतात. खरं सोसवेनासं झालं, की ती एक खोटं जग उभं करतात आणि त्यात राहायला जातात. मला त्यांची कीव येई, राग कधी आला नाही. कारण ते नुसतं नाटक होतं; आईचं काम करणाऱ्या दुर्गाबाई प्रवेश संपला की मला खाली ठेवत आणि विचारत, "चहा आला काय?"

मागच्या वर्षी दुर्गाबाईंचा मुलगा अमोल गेला. तो अमरावतीच्या रस्त्यावर जीप चालवायचा. जीप उलटली.

तेरावं झाल्यावर दुर्गाबाई तालमीला आल्या, सगळ्यांच्या आधी. मला कानाला लावून त्या हळूच म्हणाल्या, "अमोल, जेवला काय रे? गाडी दमानं चालव." हे वाक्य नाटकात नव्हतं. मी मुका. मला वाटलं, कोणीतरी येईल आणि या बाईजवळ बसेल.

कुंदनभाऊ आले. दारात उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं, पण ते बसले नाहीत. म्हणाले, "ताई, नाटकात हेच बोला. लोकायले रडू आवरणार नाही."

त्या दिवशी माझ्या अंगात जो संताप पेटला, तो अजून विझलेला नाही. एका आईचा आधार त्यांनी उचलला आणि संवाद म्हणून वापरला. पुढच्या तालमींत नाटक मंडळातल्या एकानंही त्यांना अडवलं नाही.

अमरावतीच्या स्पर्धेत नाट्यगृह भरलं होतं. दुर्गाबाईंनी विचारलं, "जेवला काय रे?" लोकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. प्रवेश संपला, तरी दुर्गाबाई मला सोडेनात. त्या बोलतच राहिल्या. पडदा ओढणाऱ्याला कुंदनभाऊ विंगेतून म्हणाले, "थांब. रंगून राहिलं."

दुर्गाबाईंची मुलगी पौर्णिमा नाटकात शेजारीण होती. ती विंगेतून थेट रंगमंचावर आली आणि आईजवळ बसली. "आई, दादा गेला. मी हावो ना इथं."

दुर्गाबाईंनी तिला ढकललं. "बोलू दे मले त्याच्याशी." पौर्णिमा पुन्हा जवळ सरकली. कुंदनभाऊ तिला हातानं बाजूला हो म्हणून खुणावत होते. ती उठली आणि भरल्या नाट्यगृहासमोर म्हणाली, "भाऊ, तुमाले बक्षीस पायजे. मले माझी माय पायजे. पडदा पाडा."

पडदा पडला. दुर्गाबाई मला छातीशी धरून कितीतरी वेळ बसल्या. पौर्णिमा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग दुर्गाबाईंनी मला खाली ठेवलं आणि लेकीला म्हणाल्या, "त्याले भूक सहन होत नव्हती."

'होत नव्हती.' अमोल गेल्यापासून त्या पहिल्यांदा असं बोलल्या. मग पदर तोंडाला लावून त्या मोठ्यानं रडल्या. ते रडणं बघायला समोर कोणी नव्हतं, याचं मला बरं वाटलं.

स्वाभाविक अभिनयाचं बक्षीस दुर्गाबाईंनाच मिळालं. कुंदनभाऊ ते बक्षीस त्यांच्या घरी घेऊन गेले, तेव्हा पौर्णिमानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. आता ते त्याच भूमिकेसाठी दुसरी बाई शोधत आहेत आणि मला पुसून ठेवलं आहे.

मित्रांनो, नाटकातल्या दुःखी माणसाला त्याच्या भ्रमात खुशाल राहू द्या. पण तुमच्या शेजारचं कोणी गेलेल्या माणसाशी बोलताना दिसलं, तर त्याचा तमाशा करू नका. जवळ जाऊन बसा. त्यानं ढकललं, तर पुन्हा बसा.