गच्चीवरची पेटी

गल्लीत त्यांना सगळे शंकासूर म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी जन्मभर ताकही फुंकून पिऊन कमावलं होतं. घरामागच्या माळावरून नवा महामार्ग जाणार, तिथंच उड्डाणपुलांचं जंक्शन होणार, असं कळल्यापासून तर त्यांचा डोळा लागत नव्हता. त्यात पर्यावरणाच्या पाहणीसाठी एक पोरगी आली आणि त्यांच्या गच्चीवर तिपाईवर एक पेटी ठेवून गेली.

"काका, इथं सध्या किती आवाज असतो, तेवढंच ही मोजते. उद्या घेऊन जाईन. हात मात्र लावू नका."

"आवाज मोजते म्हणे!" ते बायकोच्या कानाशी कुजबुजले. "आपलं बोलणं ऐकतेय ती. विरोध कोण करणार, ते हवंय त्यांना."

"तुमचं बोलणं ऐकायला मी एकटी पुरत नाही वाटतं?" बायको म्हणाली.

त्यांनी पेटीला बोटसुद्धा लावलं नाही. फक्त तिच्यासमोर रेडिओ ठेवला आणि खुंटी पिळून आवाज शेवटाला नेला. बसा आता ऐकत, लेको! पोरगी परत येईपर्यंत तो बोंबलत होता.

पुढे जनसुनावणीत नकाशा लागला. रस्त्याच्या कडेनं आवाज अडवणारी उंच भिंत होती. नेमकी यांच्या घरामागेच ती नव्हती. ते ताडकन उठले.

"इथंच भिंत का नाही? यात काहीतरी काळंबेरं आहे!"

"काका, तुमच्याकडे आधीच इतका गोंगाट आहे," अधिकारी म्हणाले, "की महामार्गानं तुम्हाला काही फरक पडणार नाही."

बायकोनं सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

"सांगा ना आता," ती म्हणाली, "कुठलं स्टेशन लावलं होतं ते."