सीता आतेची डबल बेल

माझं लग्न सीता आतेला पसंत नव्हतं आणि ते तिने कोणापासून लपवलंही नव्हतं. मुलगा चांगला होता. मुंबईत तारखात्यात नोकरीला होता, वाडीवर येऊन सगळ्यांना रीतसर भेटून गेला होता. त्याचा गुन्हा एकच, घर नागपूरला आणि आता बदलीही तिकडेच झालेली. "आपल्या सावर्ड्याकडं काय पोरगे संपले?" आतेने साऱ्या वाडीदेखत विचारलं होतं. "तिकडं दर्या नाय, मासळी नाय. माजी पोर डाळ खाऊन मरंल." खरं तर मी तिच्या भावाची मुलगी. पण आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, त्यामुळे 'माझी पोर' म्हणायचा तिचा हक्क कोणी नाकारला नसता.

हट्टीपणात मीही तिचीच. करीन तर याच्याशीच, असं सांगून मी मोकळी झाले. तेव्हापासून आतेने लग्नाविषयी एक अक्षर काढलं नाही. तिने भांडण केलेलं परवडतं, तिचं गप्प बसणं आमच्या घरात कोणालाच झेपत नाही.

चौऱ्याऐंशीचा मे महिना होता. नवरीला नवऱ्याच्या दारी नेऊन लग्न लावायची आमच्याकडची जुनी रीत, म्हणून बाबा, आते आणि मी सावर्ड्याहून रातराणी एसटीने मुंबईला आलो आणि संध्याकाळी नागपूरच्या गाडीत बसलो. गाडी सकाळी पोचणार होती आणि अकराला विहारात लग्न होतं. आमच्या जिल्ह्यात तेव्हा रेल्वेचा रूळसुद्धा नव्हता. बाबा तरुणपणी मुंबईच्या गिरणीत होते, त्यांना आगगाडीची सवय. आते आणि मी मात्र आयुष्यभर एसटीत बसलेल्या.

आगगाडी आतेला पहिल्यापासूनच पटली नाही. चालत्या गाडीत माणूस आडवा होतो तो दवाखान्यात नेताना, ही तिची समजूत. बाबा वरच्या फळीवर चढून घोरायलाही लागले, तरी ही आपली खालच्या बाकावर ताठ. मांडीवर माझ्या लग्नाच्या पांढऱ्या साडीची पिशवी, पायाशी आमसुलांचं आणि सुकटीचं गाठोडं. त्या सुकटीच्या वासाने समोरचे जळगावला निघालेले गृहस्थ नाकाला रुमाल लावून भिंतीकडे तोंड करून झोपले होते. आतेने ते पाहिलं आणि गाठोडं मुद्दाम आणखी पुढे सरकवलं.

"ह्यांचा कंडक्टर कुठं हाय?" तिने मला विचारलं.

"तिकीट बघून गेला ना मघाशी."

"त्यो गेला त्यो गेलाच. मग माणसं चढली, उतरली, ह्ये बघतं कोण?"

"आते, झोप ना गं आता," मी वैतागून म्हटलं. ती झोपली नाही.

मनमाडला गाडी थांबली. उकाड्याने जीव नकोसा झाला होता आणि फिरकीच्या तांब्यातलं पाणी संपलं होतं. मी तांब्या घेऊन उतरले. डब्यासमोरच्या नळावर ही झुंबड, म्हणून पुढच्या नळाकडे गेले. मला अजिबात घाई नव्हती. एसटी सुटायची तर ड्रायव्हर हॉर्न देतो, इंजिन अंगात आल्यासारखं थरथरतं, कंडक्टर हाका मारतो, शेजारचे आले का विचारतो, आणि कोणीतरी 'अहो, आमचे हे राहिलेत' म्हणून ओरडतंच. गाडी सुटताना आपल्याला कळेल, यात मला तिळमात्र शंका नव्हती. शिटी झाली असेलही. त्या गोंगाटात मला ती ऐकू आली नाही. तांब्याची फिरकी आवळून मागे वळले, तर गाडी न बोलता सरकत होती.

मी धावले. साडी पायात येत होती आणि एक चप्पल तिथेच राहिली. डब्यामागून डबे पुढे जात होते आणि प्रत्येक दाराच्या दांडीला माणसं लटकलेली. हातात तांब्या, जवळ ना पैसे, ना तिकीट. मागची गाडी धरून मी पोचेपर्यंत लग्नाची वेळ कधीच टळली असती, आणि नवरी पळाली हे नागपूरभर झालं असतं. मी चक्क रडायला लागले.

तेवढ्यात करकरत, धक्के खात गाडी थांबली.

आत काय घडलं ते आतेच्या ओरडण्याने जागे झालेल्या बाबांनी नंतर सांगितलं. आते खिडकीला डोळे लावूनच बसली होती. गाडी हलली आणि मी डब्यात नाही, एवढं तिला पुरे झालं. "पोरगी ऱ्हायली!" अशी तिने आरोळी ठोकली आणि वर पाहिलं. एसटीत छताला घंटेची दोरी असते. गाडी थांबवायची तर एकदा ओढायची, सोडायची तर दोनदा, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथे दोरी नव्हती, लाल मुठीची साखळी होती. आते सरळ जळगावकरांच्या बाकावर चढली, एक पाय त्यांच्या पोटरीवर. ते धडपडत उठले आणि म्हणाले, "अहो बाई, हात लावू नका, दंड होईल!"

"होऊं दे!" म्हणून आतेने साखळीला सगळा भार दिला.

मी डब्यापाशी पोचले तेव्हा ती दारात उभी होती. दंडाला धरून तिने मला वर ओढलं, तांब्यासकट. वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, मला बाकावर बसवलं आणि पुन्हा जळगावकरांच्या बाकावर चढून साखळी दोनदा ओढली. डबल बेल! माणूस आलं, आता चला. अख्खा डबा जागा होऊन तिच्याकडे बघत होता आणि ही गाडी का हलत नाही म्हणून चिडलेली.

हिरव्या-लाल बत्तीचा कंदील घेऊन गार्ड आला, मागे एक पोलीस. साखळी कोणी ओढली, असं त्याने दरडावून विचारलं. बाबांचा चेहरा उतरला. आते पुढे झाली.

"मी वडली. पोरगी खाली ऱ्हायली व्हती. उद्या तिचंच लगीन हाय. तिला सोडून आमी तिथं जाऊन काय करायचं?"

"आणि नंतर दोनदा कशाला ओढली?" पोलीस म्हणाला.

"मग तुमाला सुटायचं कळणार कसं?"

आधी डब्यातलं कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. जळगावकर पोटरी चोळत म्हणाले, "साहेब, बाईंनी ओढली ते बरोबरच केलं. आम्ही नुसते बघत बसलो असतो." गार्डने मला विचारून खात्री करून घेतली. हसू आवरत तो म्हणाला, "मावशी, तुमचं कारण रास्त आहे, दंड नाही. पण आमची गाडी साखळीने थांबते, सुटत नाही. ते काम माझं."

"मग करा की," आते म्हणाली.

गाडी सुटली. दिवे पुन्हा मालवले गेले. मी तिच्याशेजारी बसून राहिले. माझ्या आतेसारखं माणूस त्या अख्ख्या गाडीत दुसरं नाही, असं मला वाटत होतं. आजही वाटतं. पण एक गोष्ट मनातून जाईना, म्हणून शेवटी विचारलंच.

"आते, तुला तर हे लग्न नको होतं. मी मनमाडला राहिले असते तर आपोआप मोडलं असतं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मूर्खच.

"मोडायचं आसतं तर मी माज्या तोंडानं मोडलं आसतं," ती म्हणाली. "गाडीनं मोडायचं नाय. तू मनानं धरलंस ना त्याला? मग तुला त्याच्या दारात नेऊन सोडायचं काम माजं. झोप आता. सकाळी तोंड सुजलेलं दिसलं तर नागपूरवाले म्हणतील, कोकणातल्या पोरी अशाच आसतात."

मी तिच्या मांडीवरची पिशवी बाजूला केली आणि तिथे डोकं ठेवलं.